न तपासलेला संशय

माझे भाऊजी गिरिधरराव यांचा जगात कुणावरच विश्वास नव्हता, आणि त्यासाठी सरकार त्यांना पगार देत होतं. ते वजनमापे खात्यात निरीक्षक होते. वाडीतल्या ट्रक तोलणाऱ्या धर्मकाट्यापासून कळमेश्वरच्या कारखान्यांत भरल्या जाणाऱ्या बंद पुड्यांपर्यंत, कोण कुठे किती माप मारतं हे शोधण्यात त्यांची उभी नोकरी गेली. ते निवृत्त झाले तेव्हा व्यापाऱ्यांनी पेढे वाटले असतील, असं मी त्यांच्या तोंडावर म्हणाले होते. ते म्हणाले, "वाटले असतील तं तेही वजनात कमीच वाटले असतील."

नंदनवन वस्तीतल्या त्यांच्या घरीही तोच कारभार. दूधवाल्याचं दूध ते आपल्या मापाने पुन्हा मोजत. गॅसचं सिलिंडर दारातच ताणकाट्याला लटकवत. माझ्या थोरल्या बहिणीने, प्रेमलताताईने, साडी आणली की तिची लांबीसुद्धा पट्टीने बघत. मला या माणसाचा भारी वैताग यायचा. पण एक सांगते. संशय आला की ते काटा काढायचे, आणि माल पुरा भरला की "बराबर आहे" म्हणून विषय संपवायचे. मग त्याच गॅसवाल्याला बसवून चहा पाजायचे. मनात काही ठेवत नसत.

गेल्या वर्षी दिवाळीच्या आधी त्यांना नळाच्या पाण्याला वास येऊ लागला. मग कामवाल्या बाईवर शंका आली आणि तिला काढून टाकलं. मग शेजाऱ्यांवर, मग कुरिअरवाल्यावर. शेवटी गाडी ताईवर आली. "तू वरणात काही टाकून राहिली," ते जेवता जेवता म्हणाले.

आम्ही हसलो. दुसऱ्या कुणाच्या घरी असं झालं असतं तर त्या लोकांनी त्याच संध्याकाळी डॉक्टर गाठला असता. आमच्याकडे सगळे म्हणाले, साहेब पुन्हा ड्युटीवर रुजू झाले. हैदराबादहून त्यांच्या मुलाने, रजतने, फोनवर विचारलं, "बाबांचं यात नवीन काय आहे, मावशी?" खरंच, नवीन काय होतं? आयुष्यभर ज्याने शंका घेतली त्याने अजून एक घेतली.

ताई त्यांच्या ताटातला पहिला घास स्वतः खाऊन दाखवू लागली. ते तिच्या गळ्याकडे बघत बसत. तिने गिळलं की मगच जेवत. मग एक दिवस म्हणाले की ही आधीच विषावरचा उतारा घेऊन येते, हिने खाल्ल्याने काय सिद्ध होतं? मधूनच त्यांचा उजवा हात झटका बसल्यासारखा उडायचा, तोंडाचा कोपरा ओढला जायचा. हातातला कप पडला की म्हणायचे, कुणीतरी धक्का दिला. आम्ही म्हणायचो, अशक्तपणा आहे, जेवत नाहीत ना धड.

मला तर वेगळाच संशय होता. हा माणूस रिकामा बसून कंटाळला आहे आणि माझ्या बहिणीचा छळ हा त्याने नवा धंदा काढला आहे, असं मला पक्कं वाटत होतं. मी एकदा त्यांना चांगलंच सुनावलं. ते माझ्याकडे असे बघत राहिले की मी कोण हेच त्यांना आठवत नसावं. मला वाटलं, नाटक.

एका सकाळी ते न सांगता पोलीस ठाण्यात गेले. ठाण्यातून फोन आला तेव्हा ताई आणि मी धावत पोहोचलो. बायको विष घालते अशी तक्रार घेऊन भाऊजी बाकावर बसले होते. हवालदार समजूतदार होता. तो म्हणाला, "काका, घरून भाजी-वरणाचा डब्बा घेऊन या, आपण तपासाले पाठवू."

भाऊजी म्हणाले, "तपासायची गरज नाही. मले माहीत आहे."

ताईने माझा हात घट्ट धरला. "चारू," ती हळूच म्हणाली, "हे म्हणाले तपासायची गरज नाही." मला आधी कळेना की तिला एवढं काय लागलं. ती पुन्हा म्हणाली, "हे असे नाहीत वं. हे आपले नाहीत." आणि तेवढ्यात भाऊजी बाकावरून खाली कोसळले, त्यांचं सारं अंग ताठ होऊन थरथरू लागलं. त्याच हवालदाराने रिक्षा थांबवली.

दवाखान्यात डॉक्टर उत्तरा नावाची एक तरुण बाई होती. मेंदूविकारांची डॉक्टर, आणि वरच्या मजल्यावर तिचं संशोधनही चाले. तिने विचारलं, "आधीपासून संशयी आहेत का?" मी म्हणाले, जन्मापासून. ताई मात्र म्हणाली, "पहिले तपासून पाहत. आता दोन महिन्यांपासून काहीच तपासत नाही, नुसतं म्हणतात." उत्तराने हाताच्या त्या झटक्यांबद्दलही खोदून खोदून विचारलं. मग सांगितलं की पाठीच्या मणक्यातून थोडं पाणी काढावं लागेल.

पाठीतलं पाणी काढलं की माणूस लंगडा होतो हे आमच्या गल्लीत कुणीही सांगेल. उत्तराने तसं होत नाही म्हणून समजावलं. त्यावर ती आणखी एक बोलली. एक नळी तपासणीसाठी, आणि घरच्यांची हरकत नसेल तर दुसरी संशोधनासाठी. झालं, माझं डोकं फिरलं. म्हणजे आमचा माणूस यांना प्रयोगाला पाहिजे तर. मी विचारलं, "आणि नाही म्हटलं तर उपचार बंद करणार का?"

"नाही," ती म्हणाली, "उपचार तेच राहतील. ती नळी सील करून बाजूला ठेवते. शुद्धीवर आले की तेच ठरवतील. नको म्हणाले तर फेकून देऊ." मला तरी भरवसा वाटला नाही. ताईने उपचाराच्या कागदावर सही केली, दुसऱ्यावर केली नाही.

पाण्यात निघालं ते असं. शरीरात रोगजंतूंशी लढणारी जी यंत्रणा असते तीच भाऊजींच्या मेंदूवर उलटली होती. मेंदूच्या आत पहारा देणाऱ्या पेशी असतात, मायक्रोग्लिया म्हणतात त्यांना. मेलेलं, सडलेलं, बाहेरून घुसलेलं शोधून त्या साफ करतात. अशा आजारात त्या काय करतात, आग विझवतात की आणखी भडकवतात, हेच उत्तरा शोधत होती. मी म्हणाले, "म्हणजे यांच्या मेंदूतही निरीक्षकच बसले आहेत." ताई हसली नाही. तिने एकच विचारलं. "डॉक्टर, हे जे माझ्याबद्दल बोलले ते आजाराने घातलं त्यांच्या डोक्यात? का आतमध्ये पहिलेपासून होतं, अन् आजाराने फक्त बाहेर काढलं?"

उत्तरा म्हणाली, "मला सांगता येणार नाही, काकू. कुणालाच अजून नीट माहीत नाही." डॉक्टरने इतकं खरं बोलू नये असं मला वाटलं. एक छानसं खोटं बोलली असती तर माझ्या बहिणीला त्या रात्री झोप लागली असती.

सलाईनमधून औषधं सुरू झाली. झटके थांबले. हळूहळू माणसं ओळखू लागले. मग एका सकाळी त्यांनी ती दुसरी नळी कुठे ठेवली आहे ते विचारलं. सील कोणी लावलं, त्यावर नाव आहे की नंबर, उरलेल्या पाण्याचं काय करणार, कुणाला दाखवणार, सगळं. उत्तरा न कंटाळता उत्तरं देत गेली. शेवटी भाऊजी म्हणाले, "बराबर आहे," आणि सही केली. मी देवाधर्माची बाई नाही, पण खिडकीकडे तोंड करून हात जोडले. इतका आनंद मला माझ्या लग्नातही झाला नव्हता.

त्या दोन महिन्यांतलं त्यांना काहीही आठवत नव्हतं. आम्ही ठरवलं, सांगायचं नाही. रजतलाही बजावलं. पण ज्याची सारी नोकरी लोक काय लपवतात हे हुडकण्यात गेली त्याच्यापासून काय लपणार? कामवाली बाई काहून बदलली? शेजारी काहून तोंड फिरवतात? मला विचारत, मी काहीबाही सांगे. "चारू, तुले खोटं बोलता येत नाही," ते म्हणत.

घरी आल्यावर महिन्याभराने एका दुपारी मी तिथेच जेवायला होते. ताईने त्यांचं ताट वाढलं आणि त्यातलाच वरणभाताचा घास उचलून आपल्या तोंडात घातला. तिला स्वतःलाही कळलं नाही. भाऊजींनी हात मागे घेतला.

"हे काहून केलं?"

"मीठ पाहत होती."

"मीठ गॅसवरच्या गंजात पाहतात. माझ्या ताटातलं काहून?"

ताईने माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली. मग तिने सगळं सांगितलं. वरण, उतारा, पोलीस ठाणं, सगळं. आवाज न चढवता, भाजी चिरताना बोलावं तशी बोलली. भाऊजी ताटाकडे बघत ऐकत होते. बोलणं संपल्यावर तिने विचारलं, "आता खरं सांगा. थोडंसं तरी तुमच्या मनातलं होतं का ते?"

मी मनात म्हणाले, नाही म्हणा. एक शब्द आहे, म्हणा आणि सोडवा तिला.

"मले माहीत नाही, प्रेमा," ते म्हणाले. "रोज आठवून पाहून राहिलो, काहीच सापडत नाही. होतं म्हणायले पुरावा नाही. नव्हतं म्हणायलेही नाही."

ताईचे डोळे भरले. ती उठून मोरीकडे गेली, मी तिच्यामागे. इतका राग आला होता मला. "साधं 'नाही' म्हणता येत नव्हतं का यांना?" मी म्हणाले.

ताईने तोंडावर पाणी मारलं, पदराने पुसलं. "म्हणाले असते ना," ती म्हणाली, "तं मी जन्मभर खोटं समजली असती." आणि ती त्यांना भात वाढायला आत गेली.