विकलेल्या गाडीचा बेल्ट

पडेगावच्या मिस्त्रीनं इंजिनावरचं झाकण काढून टायमिंग बेल्ट मला दाखवला. बेल्टच्या पाठीवर बारीक भेगा पडल्या होत्या. "हा आधी कुरकुरत नाय," तो म्हणाला. "एक दिवस तुटतो आन् इंजिनाचा खुर्दा करतो." गाडी विकायचीच होती, म्हणून मी झाकण तसंच बसवायला सांगितलं.

घेणारा आमच्याच गल्लीतला, वाळूजला मी जातो त्याच कारखान्यात कामाला. त्यानं एवढंच विचारलं, "भाऊ, बेल्ट बदललेला आहे ना?" मी म्हणालो, "व्हय, मागच्याच वर्षी."

आता माझ्याकडं गाडी नव्हती आणि तो पडला भला माणूस. रोज सकाळी दारात हॉर्न वाजवायचा, मला शेजारी बसवायचा. जो बेल्ट आवाजच करत नाही, त्याचा आवाज ऐकत मी वाळूजपर्यंत बसायचो. ट्रकच्या पुढं जायला त्यानं गाडी दामटली की माझे पाय आपोआप खाली रेटले जायचे. राग स्वतःचा यायचा आणि मी तो त्याच्या गाडी चालवण्यावर काढायचो.

चार महिन्यांनी तो म्हणाला, "रविवारी लेकरांना घेऊन नाशिकला निघालोय." तेव्हा मात्र राहवलं नाही. "आधी बेल्ट बदलून घ्या," मी म्हणालो. "मी बदललाच नव्हता."

त्यानं शांतपणे गिअर टाकला. "गाडी घेतली त्याच आठवड्यात बदलला, भाऊ. तुम्ही कधी सांगता, तेवढंच बघत होतो."

दुसऱ्या दिवशी नेहमीच्या वेळेला हॉर्न वाजला. मी बूट घालून दाराआड उभा होतो.