परत येऊन पाळलेल्या बकऱ्या

गाव सोडायच्या दिवशी आमच्या बकऱ्या ट्रकमध्ये चढेनात. कपाट, धान साठवायच्या ढोल्या, बाबांची सायकल, दाराच्या चौकटी, छपरावरून उतरवलेले कवेलू, सगळं वर गेलं. बकऱ्या मात्र फळीवर पाय ठेवला की मागे सरकायच्या. ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता, त्याला अजून एका घरचं सामान न्यायचं होतं. शेवटी आई म्हणाली, "राहू द्या. मी यायले घेऊन पायीच येतो." तिने दोर सोडले, बाभळीची एक फांदी तोडून हातात घेतली आणि नदीच्या बाजूने चालू लागली. मी तेव्हा विशीत होतो. गाद्यांच्या ढिगावर बसून मी तिला दूर जाताना पाहत राहिलो. गोसीखुर्दच्या धरणाचं पाणी अजून आमच्या शिवारात यायचं होतं, पण गाव निम्म्याहून अधिक रिकामं झालं होतं.

आई दुसऱ्या दिवशी नव्या गावठाणात पोचली. आमच्याकडच्या शहापूरच्या पुढे, हायवेपासून जरा आत. सरळ रस्ते, सारख्या मापाचे प्लॉट, दारात नळ. तिने नळाकडे पाहिलं नाही. बाबांना विचारलं, "यायले चारायले कुठी न्यायचं?" आजूबाजूला लोकांचे धानाचे बांध होते आणि बकरीला बांध कळत नाही.

जुन्या गावात हा प्रश्नच नव्हता. सकाळी बकऱ्या सोडायच्या. तलावाची पाळ, नदीकाठची झुडपं, बोरी-बाभळी, सगळं त्यांचंच. संध्याकाळी त्या आपोआप घरी यायच्या. त्यांना पोसावं लागत नसे, फक्त मोजून आत घ्यावं लागे. दिवाळीनंतर मंडई, म्हणजे आमची गावजत्रा, भरे; त्या दिवशी गावात पाहुणे मावत नसत. मग घरचा एक बोकड कापला जाई, गल्लीत वाटे पडत आणि प्रत्येक चुलीवर रस्सा उकळत असे. मटण परवडतं का, असं तेव्हा कोणाच्या मनात येत नसावं. ते आमच्या शिवारातूनच चालत घरी येत होतं.

नव्या गावात आईने बकऱ्या कमी करत आणल्या. दोन उरल्या, त्या जुन्या गावच्या बकऱ्यांच्या वंशातल्या. त्या ओट्याच्या खांबाला बांधलेल्या असत आणि आई दुपारभर त्यांच्यासाठी पाला शोधत फिरे. मी चाकणला निघून गेलो. माझ्यासोबत एका खोलीत राहिलेल्या तुम्हा सगळ्यांना ते दिवस आठवत असतील. शिफ्ट, डबा, रविवारी मटणाच्या दुकानासमोरची लाइन. तुकडे घेताना आपण कसाबाला सांगायचो की भाऊ, गावाकडची चव यात नाही, आणि तो हसायचा. पुढे माझं लग्न झालं, मुलगी झाली, बायको, शालिनी, शिवणकामाच्या युनिटमध्ये लागली. इकडे बाबा गेले. आई एकटी राहिली, तरी पुण्याला येईना. प्रत्येक फोनवर एकच उत्तर, "बकऱ्याइले कोण पाहीन?"

कंपनीने कॉन्ट्रॅक्टवरची माणसं कमी केली, त्यात माझं नाव आलं. त्याच सुमारास मी मोबाइलवर शेळीपालनाचे व्हिडिओ पाहू लागलो होतो. पांढरा शर्ट घातलेला माणूस शेडसमोर उभा राहून म्हणायचा, शेळी म्हणजे चालतंबोलतं एटीएम. चरायला जागा नको, एका जागी ठेवा, खाऊ घाला, विका. बंदिस्त शेळीपालन. मला वाटलं, चराईची जागा नसलेल्या आमच्या गावासाठीच कोणी तरी हे शोधून काढलंय. शालिनी म्हणाली, "वर्षभर करून पाहा. जमलं तर आम्ही येतो. पोरीची शाळा मध्येच कशी तोडायची?" तिचं म्हणणं रास्त होतं.

मी प्लॉटच्या मागच्या बाजूला शेड उभारला. जमिनीपासून उंच बांबूची फळी, वर पत्रे, बाजूला जाळी. बाहेरच्या बाजारातून बकऱ्या आणल्या. आई शेडभोवती एक चक्कर मारून आली आणि म्हणाली, "बकरी फिरणारा जीव आहे बापा. इले कोंडशीन तर तुले बी इथंच कोंडून घ्या लागन." मी हसलो. तिच्या दोन बकऱ्याही मी त्याच शेडमध्ये घातल्या.

आई काय म्हणत होती ते पहिल्या पंधरवड्यातच कळलं. सकाळी उठून पाला आणायचा, तो संपत आला की पुन्हा निघायचं. हिवाळ्यात लाखोरीच्या डाळीचं कुटार, म्हणजे भुसा, मिळालं तर बरं, नाही तर कोणाच्या तरी बांधावरच्या सुबाभळीसाठी हात जोडायचे. धानाची तणीस, म्हणजे वाळला पेंढा, समोर टाकली की बकऱ्या हुंगून तोंड फिरवायच्या. मामेभावाचं लग्न साकोलीला होतं, मी अक्षता टाकून जेवण न करता परतलो. मी दिसलो की सगळ्या एकदम ओरडायच्या, जाळीला पाय लावून उभ्या राहायच्या. सुरुवातीला त्याचं बरं वाटायचं. पुढे पुढे मी शेडसमोरून जायचं टाळून घराच्या पुढच्या दाराने फिरू लागलो.

मग आजार आला. आधी नव्या बकऱ्यांपैकी एकीचं नाक वाहू लागलं. तिच्या तोंडात फोड आले, हगवण लागली, तिने खाणं सोडलं. जनावरांच्या डॉक्टरांना बोलावलं. त्यांनी पाहताक्षणी नाव सांगितलं, पीपीआर. विकताना लस दिलीय असं सांगितलं होतं, पण ते आता कोणाला विचारणार? डॉक्टर म्हणाले, "हे माणसाला होत नाही, पण बकऱ्यांत वणव्यासारखं पसरतं. एकही बाहेर जाऊ देऊ नका. विकू तर नकाच." मोकळ्या रानात असत्या तर आजारी बकरी वेगळी काढता आली असती. इथे सगळ्या एकमेकींच्या श्वासात बांधलेल्या होत्या. मी शेडच्या मधोमध पोती टांगली. त्या पोत्यांनी काय अडणार होतं?

दोनतीन मेल्या आणि एका दुपारी एक व्यापारी मोटरसायकलवर आला. अशी बातमी त्यांच्यापर्यंत कशी पोचते कोण जाणे. त्याने जाळीतून पाहिलं आणि म्हणाला, "ज्या उभ्या आहेत त्या सगळ्या नेतो. भाव कमी देईन, पण मातीत घालण्यापेक्षा बरं ना?"

"कुठी नेशीन?" मी विचारलं.

"तुमाले काय कराचं? धाब्यावाले घेतात. ज्या चालत्याफिरत्या आहेत त्या दुसऱ्या बाजारात उभ्या करतो. तिथं कोण इचारते?"

आई ओट्यावर बसली होती. मला वाटलं ती त्याला हाकलून देईल. ती म्हणाली, "देऊन टाक."

"आई, डॉक्टर काय म्हणाले ते तू ऐकलं ना?"

"आयकलं. माझ्या दोघी अजून खाऊन राहिल्या. त्या तरी देऊन टाक. मेल्यावर कोणाच्याच कामाच्या नाईत."

व्यापारी माझ्याकडे पाहत होता. शेडमध्ये माझं सगळं अडकलेलं होतं. पुण्याहून आणलेलं, आईने साठवलेलं, शालिनीला दिलेला शब्द. एक मान हलवली असती तर थोडं तरी हाती आलं असतं. पण त्या दुसऱ्या बाजारात माझ्या आईसारखीच कोणी तरी बाई येणार, शेपटी उचलून, दात पाहून, पदराची गाठ सोडून एक बकरी घरी नेणार, हे मला त्या उन्हात अगदी समोर दिसत होतं. मी त्याला म्हटलं, "नाही देत. तू जा." त्याने गाडी सुरू केली आणि जाता जाता म्हणाला, "मग गड्डे खोदा."

खड्डे खोदायला तरी जागा कुठे होती? जुन्या गावात मेलेलं जनावर नदीपलीकडे नेत. इथे दोन्ही बाजूंना शेजाऱ्यांच्या भिंती. डावीकडचे काका म्हणाले, "वास मारन, आमच्या घरी लहान लेकरू आहे." त्यांचंही चुकत नव्हतं. शालिनी आली की तिच्यासाठी एक खोली बांधायची म्हणून मी प्लॉटचा एक कोपरा मोकळा ठेवला होता. तिथेच मी खोल खणलं, मीठ आणि चुना टाकून एकेक बकरी पुरली. आईच्या दोघींपैकी एक त्यातच गेली. तिला ओढत आणताना आई दारात उभी होती. त्यानंतर बरेच दिवस ती माझ्याशी कामापुरतंच बोलली.

मोजक्याच वाचल्या. त्यांत आईची एक म्हातारी बकरी होती आणि एक बोकड, ज्याला मी गूळ-मिठाचं पाणी बाटलीने पाजून जगवलं होतं. शालिनीला खड्ड्यांची जागा सांगितली नाही, बाकी सगळं सांगितलं. ती म्हणाली, "परत या. तुमच्या जुन्या सुपरवायजरचा फोन आला होता, माणसं घेत आहेत." मीही तेच ठरवलं होतं. पण जायचं तर उरलेल्या विकाव्या लागणार, आणि गिऱ्हाईक शेड पाहून मागे फिरायचं, आजारी शेडातला माल नको म्हणायचं. तशाच सोडून जायचं तर आईचे गुडघे तिला बांधापर्यंतही नेत नव्हते. तिला सोबत न्यायचं म्हटलं की ती म्हाताऱ्या बकरीकडे पाहायची. कुठूनही सुरुवात केली तरी मी फिरून त्या जाळीपाशी यायचो.

मंडईला शालिनी आणि मुलगी आल्या. गावात रात्रीच्या दंडारीच्या खेळाची तयारी चालली होती, घरोघरी पाहुणे होते. सकाळी आई म्हणाली, "बोकड काप."

माझा हात जाईना. त्याला मी माझ्या मांडीवर डोकं ठेवून पाणी पाजलं होतं. मी म्हटलं, "बाजारातून आणतो ना मटण."

"काहून?" आई म्हणाली. "खायासाठीच पोसला ना? तो बरा झाला, डॉक्टरनं बी पाहिला. घरात पाहुणे आहेत आन् तू इकत आणशीन?" मग ती म्हणाली, "त्या दिवशी तू त्या व्यापाऱ्याले देलं असतंस, कोणाच्या घरी रोग गेला असता, तं आज मी हे खाऊ शकलो नसतो." एवढंच. पुन्हा त्या दुपारचा विषय तिने काढला नाही.

बोकड कापला. आईने जवसाचं तेल कढवलं, मसाला पाट्यावर शालिनीने वाटला. गल्लीत वाटे गेले, डाव्या बाजूच्या काकांकडे आधी. दुपारी सगळे ओट्यावर जेवायला बसले. भातावर रस्सा पडला आणि त्या वासाने मी काही क्षण जेवलोच नाही. चाकणला इतकी वर्षं जी चव आपण कसाबाकडे मागत होतो ती हीच होती. मुलीने नळी मागितली, आईने आपल्या ताटातली काढून दिली. मग मीही जेवलो, दोनदा भात घेतला. बकरी खाण्याच्या लायकीची आहे का, असं कोणी विचारलं तर मी लगेच हो म्हणेन. पाळण्याच्या लायकीची आहे का, हे मात्र मला अजून सांगता येत नाही. आणि तुमच्यापैकी कोणी त्या पांढऱ्या शर्टवाल्याचा व्हिडिओ पाहून विचार करत असेल, तर आधी इथे येऊन आठ दिवस माझ्या जागी राहा, एवढंच सांगेन.

परतीच्या दिवशी मी शालिनीला आणि मुलीला हायवेवर नागपूरच्या बसला बसवायला गेलो. आदल्या दिवशी शालिनी परसात गेली होती आणि त्या कोपऱ्यातली उकरलेली माती तिने पाहिली होती. बस दिसू लागली तेव्हा ती म्हणाली, "तुम्ही कधी येता?"

"दोन बकऱ्या गाभण आहेत. त्या व्याल्या की येतो."

"मग पिल्लं लहान असतील," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. तिने मुलीला आधी चढवलं, बॅग माझ्या हातून घेतली. बस गेली. मी वाटेतच थोडा पाला तोडून घेतला, कारण बकऱ्यांची खायची वेळ झाली होती.

एका खोलीत राहत होतो तेव्हा आपण एकमेकांना विचारायचो, घरची आठवण येते का? आणि सगळेच हो म्हणायचो. तेव्हा घर म्हणजे पाण्याखाली गेलेलं गाव होतं, त्याची आठवण काढायला काही लागत नसे. आता मला घराची आठवण येत नाही. सकाळ-संध्याकाळ मला इथे हजर राहावं लागतं.