मिगला कुंकू

जुन्नरच्या घरी मी मिग-२१ विमानाचं प्लॅस्टिकचं मॉडेल जोडलं. सुटे भाग पॉलिश पेपरने घासले, खऱ्या विमानाचे फोटो समोर ठेवून रंग दिला, एक छटासुद्धा चुकू दिली नाही. दसऱ्याला आईने ट्रॅक्टरची पूजा केली आणि घरात येऊन तेच कुंकवाचं बोट मिगच्या शेपटीला लावलं. मी भडकलो. "अगं, खऱ्या विमानावर असलं काही नसतं!"

तेवढ्यात काका सोनं द्यायला आले. ते हवाई दलात मिगचे मेकॅनिक होते. चष्मा लावून त्यांनी मॉडेल नीट बघितलं. मला वाटलं, आता आईला सुनावतील. सुनावलंच त्यांनी.

"वहिनी, चुकलं तुमचं. दसऱ्याला आमी नाकाला लावायचो, शेपटीला न्हाई."