तिसऱ्या रांगेला न कळलेलं पत्र

समजा, तुम्ही रंगमंचावर उभे आहात. हातात एक पत्र आहे. समोर अंधारात तीनशे माणसं बसली आहेत आणि ते पत्र तुम्हाला वाचायचं आहे, पण मनातल्या मनात. तोंडातून एक शब्द काढायचा नाही. किती वेळ वाचाल? डोळे कसे फिरवाल? पान उलटायचं कधी? एकदा घरी कुणाला तरी समोर बसवून करून बघा. खरोखर वाचणारा माणूस बघायला फार कंटाळवाणा असतो, आणि वाचायचं नुसतं सोंग करणारा तिथल्या तिथे पकडला जातो, हे तुमच्या लगेच लक्षात येईल.

आता यात आणखी एक भर घाला. समोरच्या तीनशेतल्या निम्म्या बायकांना ओठ वाचता येतात.

बेरिल एन्टव्हिसलपुढे हेच येऊन पडलं होतं, आमच्या ऑल्डरशॉ गावात, चर्चच्या जुन्या शाळेत भरणाऱ्या आमच्या हौशी नाट्यमंडळीत. मी तेव्हा जन्मलोही नव्हतो. मी आता तिथे दिव्यांचं काम बघतो आणि दिवसा लोकांच्या घरातल्या वायरी दुरुस्त करतो. पण ही गोष्ट मी बेरिलकडून इतक्यांदा ऐकली आहे, आणि गावातल्या इतर म्हाताऱ्यांकडूनही, की कोणता दिवा कुठे होता हेसुद्धा सांगू शकेन.

आमच्या गावाच्या बायका गिरणीतल्या. साचेखात्यात, म्हणजे विणकामाच्या खात्यात, शेकडो माग एकदम चालले की शेजारी उभ्या बाईची हाकसुद्धा ऐकू येत नसे. म्हणून बायका ओठांनी बोलायच्या, तोंड मोठं उघडून, भुवया उडवून. आवाज काढायचा नाही. या बोलण्याला आमच्याकडे ‘मी-मॉ’ म्हणतात. खात्याच्या या टोकाची बाई त्या टोकाच्या बाईला सासूची सगळी कुळकथा सांगायची आणि मधला जॉबर बिचारा मान खाली घालून माग दुरुस्त करत राहायचा, कारण बोलणं बहुतेक त्याच्याबद्दलच असायचं. वीस-वीस वर्षं त्या आवाजात काढून बायकांचे कान गेले, पण डोळे असे तयार झाले की रस्त्याच्या पलीकडे बसच्या काचेआड कोण काय बोलतंय हेही त्यांना कळे. आमच्या गावात गुपित सांगायचं तर पाठ फिरवून सांगावं लागे.

बेरिलची आई लेटी ही या विद्येतली सगळ्यांत पोचलेली बाई. कान पूर्ण गेलेले, जीभ मात्र शाबूत. नाटकाला ती नेहमी तिसऱ्या रांगेत बसायची, आणि तिच्या आजूबाजूला तिच्या खात्यातल्या बायका. पहिल्या दोन रांगांतून नटांच्या फक्त हनुवट्या दिसतात, असं तिचं म्हणणं. तिसरी रांग बरोबर. मंडळीतले नट तिसऱ्या रांगेला मनातून घाबरत, कारण एखाद्याने भाषण विसरून नुसते ओठ हलवले तर मागच्यांना ते कळत नसे, पण तिसरी रांग हसायची.

त्या वर्षी मंडळीने एक जुनं, नावाजलेलं नाटक घेतलं होतं. त्यात एका मोठ्या घराची मालकीण आहे. तिसऱ्या अंकात मोलकरीण तबकात पत्र आणून देते. मालकीण ते वाचते, घडी घालते, शेकोटीत टाकते आणि एवढंच म्हणते, “पाहुणे जेवायला थांबणार नाहीत.” बस्स. पत्रात काय होतं हे पुढे कुणीच सांगत नाही. लेखकाने तिथे फक्त तीन शब्द लिहिले आहेत: ती पत्र वाचते.

मालकिणीचं काम होलरॉईडबाईंकडे होतं. गिरणीच्या मॅनेजरची बायको, उंच, गळ्यात मोती, आवाज खणखणीत. मोलकरीण होती बेरिल. चोवीस वर्षांची, दिवसा चार मागांवर, संध्याकाळी हातात तबक.

पहिल्या गुरुवारी पडदा उघडला. दोन अंक छान गेले. तिसऱ्यात बेरिलने तबक पुढे केलं, होलरॉईडबाईंनी पत्र उघडलं आणि वाचायला लागल्या. वेळ भरून काढायला त्या पुटपुटत होत्या. आवाज अजिबात नव्हता. पण तिसऱ्या रांगेला काय दिसलं? बटाटे, गाजरं, मेंढीचे चॉप्स, चांगले बघून घ्यायचे, मागच्या वेळी नुसती चरबी होती.

लेटीने कोपर मारून शेजारणीला दाखवलं. तिने पुढचीला. हसू आधी दाबलं गेलं, मग फुटलं, मग ज्यांना काहीच दिसलं नव्हतं तेही हसायला लागले. शोकांतिकेचा कळस, आणि प्रेक्षागृह पोट धरून हसतंय. होलरॉईडबाईंना शेवटपर्यंत कळलं नाही की झालं काय. दुसऱ्या दिवशी कुणीतरी कळवलं. त्यांचा घसा तेव्हाच बसला आणि महिनाभर उठला नाही.

पुढच्या आठवड्यातल्या खेळांची तिकिटं मात्र हातोहात संपली. सगळं साचेखातं येणार होतं. होलरॉईडबाईंचा रविवारचा स्वयंपाक बघायचाय, असं बायका मागांवरून एकमेकींना सांगत होत्या.

दिग्दर्शक होते एन्सको मास्तर, गावच्या शाळेत भूगोल शिकवायचे. त्यांनी बेरिलला बोलावून सांगितलं की मालकिणीचं काम आता तिने करायचं. सगळी भाषणं तिला पाठ आहेत हे त्यांना ठाऊक होतं. बेरिल म्हणते, मला आनंद झाला तो दारापर्यंत टिकला. घरी जाऊन आईला सांगितलं.

लेटीने बटाट्याचं सारण भरून भाजलेली पेस्ट्री वाढली, त्यावर लाल कोबीचं लोणचं वाढलं, आणि म्हणाली, “तू? अगं, तू वर्तमानपत्र वाचतेस तर मला विकत घ्यावं लागत नाही. समोर बसून तुझ्या तोंडावरून वाचते मी.”

हे खरं होतं. गिरणीतल्या सगळ्या बायकांना ती सवय होती. वाचताना, विचार करताना, अगदी झोपेतही ओठ चालायचे. बेरिलचं दुकानात काम करणाऱ्या एका मुलाशी जमलंय हे लेटीला असंच झोपेत कळलं होतं.

“आई, तू पुढच्या गुरुवारी येऊ नकोस,” बेरिल म्हणाली.

“तिकीट काढलंय,” लेटी म्हणाली. “आणि हसायला आलं तर मी हसणार. पोटची पोर आहेस म्हणून मी तोंडात बोळा नाही कोंबणार.”

बेरिलला खरी भीती होती ती शुक्रवार सकाळची. नाटक आपटलं तर एन्सको मास्तर शाळेत जातील, बाकीचे बँकेत, दुकानात. तिला मात्र त्याच बायकांमध्ये मागावर उभं राहायचं होतं. मोत्यांची माळ घालून मालकीण व्हायला गेलेल्या विणकरणीबद्दल खात्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत काय काय बोललं जाईल, आणि त्यातला एकही शब्द आपल्या नजरेतून सुटणार नाही, हे तिला पक्कं माहीत होतं. हसू ऐकू आलं नाही की सोडून देता येतं. दिसलेलं हसू सोडता येत नाही.

तिने उपाय काढला तो गिरणीतलाच. मागावर आडवा दोरा नेणाऱ्या धोट्यात सुताची नवी कांडी घातली की धोट्याच्या भोकाला ओठ लावून दोरा ओढून घ्यायची तिथली पद्धत. ती घरी आली, तसाच एक दोरा ओठांत धरला आणि वाचायला बसली. ओठ हलला की दोरा खाली. पहिल्या संध्याकाळी तिने दोरा उचलण्यातच वेळ घालवला. तिसऱ्या दिवशी शिंप्याच्या दुकानावरची पाटी, बिस्किटाच्या डब्यावरचा मजकूर, चर्चमधलं भजनाचं पुस्तक, सगळं दोरा न पाडता वाचून झालं. लेटी समोर बसून काळे वाटाणे खात बघत होती. बेरिल म्हणते, आई बोलली नाही तेव्हाच मला कळलं की जमतंय.

पण तालमीत एन्सको मास्तर हताश झाले. ओठ बंद झाले तसं सगळंच बंद झालं होतं. ते म्हणाले, “बेरिल, तुझं आयुष्य त्या कागदावर उद्ध्वस्त होतंय. तू बसचं वेळापत्रक बघितल्यासारखं बघत्येस.”

“वेळापत्रकात निदान काही लिहिलेलं असतं, मास्तर,” बेरिल म्हणाली. “हा कागद कोरा आहे.”

मास्तरांनी कागद उलटापालटा करून बघितला. खरंच कोरा होता. इतकी वर्षं मंडळीत तोच कोरा कागद दर नाटकात फिरत होता, आणि त्यावर कुणाचं बाळ मेलं होतं, कुणाची जहागीर गेली होती, कुणी लग्न मोडलं होतं. बेरिलने त्यांना एवढंच सांगितलं की मला काहीतरी लिहून द्या, जे मी आधी वाचलेलं नसेल. रोज वेगळं. तालमीत त्यांनी लिहून दिलं, “तुझा परकर दिसतोय,” आणि बेरिलचा चेहरा असा काही झाला की मास्तर खुर्चीतून उठून उभे राहिले.

गुरुवार आला. तिसरी रांगच काय, चौथी आणि पाचवीही गिरणीची. बायका पेपरमिंटच्या पुड्या घेऊन तयारीनिशी बसल्या होत्या. आता मोलकरणीचं काम करणाऱ्या पोरीने तबक पुढे केलं. बेरिलने पाकीट फोडलं. अक्षर मास्तरांचं. तिने वाचायला सुरुवात केली.

मास्तरांना मोठं दुःखद पत्र लिहायला वेळच मिळाला नव्हता. त्यांनी आपल्या परसातल्या कांद्याच्या पातीबद्दल लिहिलं होतं. मनगटाएवढी जाड लीकची पात, गावच्या प्रदर्शनात मांडायची म्हणून फेब्रुवारीपासून जपलेली. रात्री उठून कंदील घेऊन गोगलगायी वेचायला कसा जातो, बायको खिडकीतून कशी ओरडते, हे वाचताना बेरिलला हसू यायला लागलं. ओठ मिटलेले, पण हसू डोळ्यांपर्यंत आलं. ती पान उलटून पुढे गेली. पुढे लिहिलं होतं की परवा सकाळी बघितलं तर अख्खा वाफा कुजलेला. ते बी वडिलांनी दिलेलं. वडील गेल्यावर दरवर्षी त्यातलंच थोडं धरून ठेवायचो. या वर्षी सगळं पेरलं, मागे काही ठेवलं नाही. आता ते बी कुठेच नाही. हे तुला का लिहितोय कळत नाही, दुसरं काही सुचलं नाही.

बेरिल त्या शेवटच्या ओळीवर थांबली. ती म्हणते, मी नाटक विसरले होते. ओठांचं भानही नव्हतं, आणि नेमके तेव्हाच ते हलले नाहीत. तिने पत्राची घडी घातली, शेकोटीत टाकली, आणि विंगेत उभ्या मास्तरांकडे बघू नये म्हणून मान दुसरीकडे वळवून म्हणाली, “पाहुणे जेवायला थांबणार नाहीत.”

प्रेक्षागृहात पेपरमिंटचा कागदसुद्धा वाजला नाही. त्या रात्री तिथे असलेली माणसं अजून सांगतात की एका बाईचं हसू येता येता विझताना त्यांनी बघितलं, आणि कुणीतरी गेलं असणार हे त्यांना कळलं. कोण, ते कळलं नाही. एका शांततेचा इतका अभिमान बाळगणारं दुसरं गाव मी पाहिलेलं नाही. ओठ वाचणाऱ्या बायकांनी भरलेल्या आमच्या गावात त्या रात्री एका विणकरणीचे ओठ कुणाला वाचता आले नाहीत.

पडदा पडला, परत उघडला, टाळ्या चालू होत्या. बेरिलने तिसऱ्या रांगेकडे बघितलं. लेटी टाळ्या वाजवत नव्हती. हात मांडीवर ठेवून, तोंड मोठं करून, भुवया उडवून, साचेखात्यातल्यासारखं ती बोलत होती, आणि सगळ्या गोंगाटात ते बोलणं फक्त बेरिलला कळलं.

“काय लिहिलं होतं गं त्यात?”

बेरिलने स्टेजवरून, मोत्यांच्या माळेसकट, तसंच उत्तर दिलं, “तुला काय करायचंय?”

तिसरी रांग तेव्हा हसली. पण ते हसू लेटीवर होतं. शुक्रवारी सकाळी बेरिल मागावर उभी राहिली तेव्हा पलीकडच्या टोकाची एक बाई तिच्याकडे बघून ओठांनी म्हणाली, “बाईसाहेब, आमच्या मागाचा दोरा तुटलाय, जरा बघता का?” आमच्याकडे एवढी थट्टा झाली म्हणजे माणूस मान्य झाला.

बेरिलने पुढे तीस-बत्तीस वर्षं मंडळीत कामं केली. पत्र असलेलं नाटक असलं की ते काम तिचंच. गिरणी बंद पडली, तिने शाळेच्या स्वयंपाकघरात नोकरी धरली, दुकानातल्या त्या मुलाशी लग्नही केलं. लेटीला तिने कांद्याच्या पातीचं कधीच सांगितलं नाही. लेटी शेवटपर्यंत अंदाज करत राहिली. नवऱ्याची दुसरी बायको निघाली का? मुलगा बुडाला का? घर गहाण पडलं का? दर रविवारी एक. बेरिल मान हलवायची. आईला जे वाचता आलं नाही असं जगात एकच काही होतं, आणि ते बेरिलला सोडायचं नव्हतं.

यंदा मंडळीने तेच नाटक पुन्हा घेतलंय. मालकिणीचं काम औषधाच्या दुकानातली रुबिना करतेय. बेरिल आता ऐंशीच्या पुढे आहे. तालमीला येते, आईच्या खुर्चीत बसते आणि रुबिनाला ओठांत दोरा धरायला लावते. परवा तालीम संपल्यावर मी दिवे विझवत होतो, तर ती जिना चढून माझ्या दिव्यांच्या खोलीत आली, हातात चहाचा थर्मास. दम लागला होता. खुर्ची दिली, बसली. मी कौतुकाने म्हणालो की आजवर एवढी पत्रं वाचलीत, तुमच्यासारखं कुणी वाचलं नाही.

“ते ठीक आहे रे,” ती म्हणाली. “मला पात कुजल्याचं पत्र आलं, नंतरच्या खेळांत कुणाकुणाची आली. मी वाचली. पण ती सगळी मला आलेली. त्या घरच्या मालकिणीला आलेलं पत्र मी कधी बघितलंच नाही. लेखकाने नुसतं लिहिलंय, ती पत्र वाचते. आईला मी आयुष्यभर सांगितलं नाही, कारण मलाच ठाऊक नव्हतं.”

तिने थर्मासचं झाकण फिरवलं आणि खाली अंधाऱ्या रंगमंचाकडे बघत राहिली.

“तू वरून बघतोस. तुला पुष्कळ दिसत असेल. त्या बाईला काय लिहिलं होतं रे त्यात?”