चोथ्याचे सर

आमच्या वरच्या मजल्यावरच्या सरांइतकी फेकायच्या वस्तूंवर माया करणारा माणूस सबंध चंदीगडात दुसरा नसेल. विद्यापीठात शिकवायचे, मूळचे नाशिकचे, एकटे. नाशिकहून परतताना लोक चिवडा आणतात, मनुका आणतात. सर द्राक्षांचा चोथा आणत. वाइनसाठी रस काढून झाला की उरतात त्या साली आणि बिया. एकदा तर कपडे बहिणीकडेच ठेवून अख्खी बॅग त्यांनी चोथ्याने भरली. रेल्वेच्या डब्यात वास सुटला आणि समोरच्या काकू मुलांना घेऊन दुसऱ्या बाकावर गेल्या. "मी पीत नाही हो," सर त्यांना समजावत राहिले, "पिणाऱ्यांच्या मागचं आवरतो."

त्या चोथ्यातली अँटिऑक्सिडंट द्रव्यं काढायचा त्यांना ध्यास, आणि तीही नुसत्या पाण्याने. "वहिनी, कुकरमध्ये दाब असतो म्हणून पाणी शंभरच्या पुढे तापतं ना? मी दाब आणखी वाढवतो. पाणी खूप तापतं पण वाफ होत नाही, आणि एरवी सालीतून जे सुटत नाही तेही सोडवून आणतं." हे त्यांनी मला जिन्यात सांगितलं, माझ्या हातात दुधाची पिशवी असताना. दूध नासलं, पण मुद्दा कळला.

सरांची टिपणं हाताला लागेल त्या कागदावर: लाँड्रीची चिठ्ठी, औषधाचं खोकं, एकदा माझ्या मुलीची लग्नपत्रिका. त्यांचा फ्रिज चोथ्याने भरलेला, म्हणून अर्काच्या बाटल्या माझ्या फ्रिजमध्ये येत. माझ्या घरात नाव लिहिल्याशिवाय मोहरीसुद्धा डब्यात जात नाही. प्रत्येक बाटलीची तारीख, तापमान, रंग आणि वास मी वहीत उतरवत गेले.

यंदा मार्चमध्ये सर निवृत्त होणार होते, आणि त्यांच्यामागे विद्यापीठातलं ते दाबाने पाणी तापवायचं यंत्र अडगळीत जाणार हे ठरलेलंच होतं. इंडस्ट्रियल एरियात क्रीम बनवणाऱ्या एका बाईंनी मात्र आशा दाखवली होती: अर्क पसंत पडला तर शेड देते, यंत्रही उचलून आणते. फेब्रुवारीत त्यांनी नमुना हुंगला आणि बाटली परत केली. "डॉक्टरसाब, ये तो जला हुआ गुड़ है जी. मुँह पे कौन लगाएगा?"

सर घरी आले ते जिन्यातच बसले. "तापमान वाढवलं की अँटिऑक्सिडंटचा आकडा तर दर वेळी वाढतोय, वहिनी. उद्या अजून तापवून बघतो."

मी वही आणून त्यांच्या मांडीवर ठेवली. "आकडा राहू द्या, ही यादी वाचा. जास्त तापवलेल्या सगळ्या बाटल्या तपकिरी, गुळाच्या वासाच्या. कमी तापवलेल्या ह्या तीन बघा. लालसर, वास मनुकांचा."

"त्या दिवशी लाइट गेली, म्हणून अर्धवट राहिल्या. मी त्या फेकायला सांगितल्या होत्या!"

"सांगितल्या होत्यात. पण तुम्ही, आणि फेका म्हणता? मला खरंच वाटेना."

सर कपाळावर हात मारून हसले. "जळलेली साखरही आकडा वाढवते, हे मी दरवर्षी वर्गात शिकवतो हो!"

पुढचा नमुना बाईंनी दोनदा हुंगला आणि मार्चअखेरीला यंत्र टेंपोतून शेडमध्ये गेलं. सरांनी खोलीही तिकडेच घेतली.

परवा त्यांना भेटून आले. तास झाला तरी चहाचं कुणी विचारलं नाही. निघताना "येते" म्हटलं, तेही त्यांना ऐकू गेलं नसावं. दारातून वळून पाहिलं, तर नळीच्या टोकाशी एक लाल थेंब जमत होता आणि सर ओणवे होऊन त्याची वाट पाहत होते. पुन्हा हाक मारावीशी वाटली. नाही मारली.