सहा नंबरची कोंबडी

चार बाया जमल्या की पोरांच्या गमती निघतात. मी पडले बालवाडीची बाई, माझ्याकडे तर त्यांचा ढीग असायला हवा. पण मी वाचनालयाच्या कमिटीतही होते ना, त्यामुळे साठल्या त्या मोठ्या माणसांच्याच! सांगताना हसू येतं. सांगून झालं की मात्र जीव नकोसा होतो.

वसईतलं आमचं छोटंसं वाचनालय. ऐंशीच्या आसपासची गोष्ट. उन्हाळ्याच्या सुट्टीसाठी चित्रांची पुस्तकं निवडायची होती, म्हणून मला कमिटीत घेतलेलं. अध्यक्ष बापूसाहेब, रिटायर्ड हेडमास्तर. त्यांनी पहिल्याच दिवशी बजावलं, "मे महिन्यात मुलं आली तर ठीक. नाहीतर हे काचेचं कपाट कॅरमच्या कपांना!"

माझ्या पोरांच्या घरी पुस्तक म्हणजे थोरल्या भावाचा फाटका भूगोल. ते कपाट गेलं असतं तर त्यांना दुसरं काय होतं हो?

* * *

निवडीची मीटिंग. मी कोंबडीचं पुस्तक पुढे केलं. फ्रॉक घातलेली कोंबडी छत्री घेऊन बाजाराला निघते, मागे पिल्लं. इतकं गोड!

बापूसाहेबांनी पानं उलटली. "पानावर चार शब्द. ह्यात वाचायचं काय?"

"चित्रं वाचायची, साहेब."

"चित्रं बघतात, बाई. वाचत नाहीत!"

मग त्यांनी स्वतःच्या पसंतीचं काढलं. मातीचे प्रकार! "ह्यात मजकूर आहे, आणि तुमची चित्रंही आहेत."

होती की. काळी माती, तांबडी माती, मुरमाड माती. कोंबडी मी भांडून आत घुसवली, एवढंच.

* * *

तेव्हा रशियन पुस्तकं स्वस्तात मिळायची. त्यातल्या एकात बर्फच बर्फ. आमचा पांडू मिठागरावरच्या घरातला, वर्षभर वर्गात तोंड उघडलं नव्हतं. त्याने ते चित्र बघितलं आणि ओरडला, "बाई, केवढं मीठ! आमच्या आगरात पन नाय एवढं!"

मी आनंदाने मीटिंगमध्ये सांगितलं. सगळे गंभीर झाले.

"म्हणजे मुलांची चुकीची समजूत होते," बापूसाहेब म्हणाले. "काढा ते पुस्तक."

"अहो, पोरगं पहिल्यांदा बोललं!"

"चुकीचं बोललं!"

* * *

आमचे लायब्ररियन नाईकमामा. माणूस देवासारखा, पुस्तकांवर पोटच्या पोरासारखी माया. चित्रं मळू नयेत म्हणून त्यांनी रात्रंदिवस खपून सगळ्या पुस्तकांना खाकी कागदाची कव्हरं घातली. कपाट उघडून मला दाखवलं, "कसं एकसारखं दिसतंय!"

दिसत होतंच. हत्ती, मांजर, माती, सगळं खाकी.

"मामा, पोरांना कळणार कसं, कुठलं कुठलं ते?"

"नंबर टाकलेत ना बाई! नंबर सांगा, पुस्तक घ्या. कपाटात हात घालायचा नाही."

बालवाडीच्या पोरांनी नंबर सांगायचा! मी कपाळावर हात मारला. पण पोरं हुशार. मामांनी "कितवं?" विचारलं की आपापलं वय सांगायची. सगळी पाच वर्षांची. पाच नंबरचं पुस्तक होतं मातीचे प्रकार!

एकेक पोर माती घेऊन घरी गेलं, दुसऱ्या दिवशी आणून दिली आणि पुन्हा फिरकलं नाही. कमिटीत बापूसाहेब खूश. "बघा, कुठल्या पुस्तकाला मागणी आहे!"

* * *

आणि मग मॅगी. केळीच्या वाडीतलं पोर, मे महिन्यातच तिला सहा वर्षं पूर्ण झाली. नव्या फ्रॉकमध्ये आली, ऐटीत म्हणाली, "सहा!"

कोंबडी निघाली!

पुस्तक परत केलं तेव्हा खाकी कव्हरावर पेन्सिलीने कोंबडी काढलेली. फ्रॉक, छत्री, सगळं. मामांनी बघितलं न बघितलं, कपाटात ठेवून दिलं. दुसऱ्या दिवशी काचेला नाकं लावून ही रांग! "मला कोंबडी! मला कोंबडी!" पांडूसुद्धा! मला रडू फुटायचं बाकी होतं. वाचलं, कपाट वाचलं!

तेवढ्यात बापूसाहेब आले. "पुस्तक खराब केलं कोणी? मामा, कव्हर बदला."

"साहेब, नका हो! ह्या कोंबडीमुळे तर पोरं आलीत!"

"शिस्त, बाई!"

मामा बिचारे आज्ञाधारक. एकाचंच कव्हर नवं दिसेल म्हणून सगळ्यांची बदलली. नंबरही नव्याने टाकले. सकाळी पोरं आली, सगळं खाकी बघून थोडा वेळ उभी राहिली आणि निघून गेली.

मॅगी तेवढी थांबली. तिला तिचा नंबर पाठ होता. "सहा!"

मामांनी पुस्तक दिलं. तिने तिथेच जमिनीवर बसून उघडलं. काळी माती. पान उलटलं. तांबडी माती. मुरमाड माती. शेवटपर्यंत सगळी पानं बघितली आणि माझ्याकडे मान वर करून हळूच विचारलं,

"बाई, कोंबडीला पुरली?"