वाफ्यातला जंगली माणूस

सिंगापूरच्या वुडलँड्सला आमच्या ब्लॉकखाली खाण्याच्या टपऱ्यांचं हॉकर सेंटर आहे, तिथे तो नेहमी माझ्याच टेबलावर येऊन बसायचा. पलीकडच्या मलेशियातला, जोहोरकडचा आदिवासी शेतकरी, शूटिंग असलं की खाडीवरचा कॉजवे ओलांडून इकडे यायचा. सिनेमात जंगली माणूस हवा असला की यालाच बोलावणं. पडद्यावर तो लिफ्टला असा काही घाबरायचा, की बघून माझी बायको आठवडाभर जिन्याने आली-गेली, आणि आम्ही राहतो बाराव्या मजल्यावर. प्रत्यक्षात मात्र इस्त्रीचा शर्ट घालून तो मला फोनचा स्वस्त प्लॅन समजावत असे.

एकदा क्रांजीच्या भाजीमळ्यात त्याचं शूटिंग बघायला गेलो. वाघ मागे लागलाय, वाफे तुडवत पळायचं, असा प्रसंग. हा दर वेळी वाफ्यांमधल्या चिंचोळ्या पट्टीवरून पळे. माठाचं पानसुद्धा हलत नव्हतं.

दिग्दर्शक वैतागला. "अंकल, मागे वाघ असताना असं कोण पळतं?"

"वाघ येऊ दे लाह," इकडच्या सवयीने वाक्याला 'लाह' जोडत तो म्हणाला. "उभ्या पिकात मी पाय देणार नाही. गावातले लोक सिनेमा बघतील."

"मग दुसरा माणूस आणावा लागेल."

"आणा," म्हणाला, आणि बूट घालायला बसला.

शेवटी चेहरा याचाच राहिला, तुडवायला पाय दुसऱ्याचे आणले. सिनेमा लागला तेव्हा मी त्याच्या शेजारी होतो. पडद्यावर माठ चिरडला जात होता, आणि हा अंधारात रांगेतल्या एकेकाकडे वाकून सांगत होता, "ते पाय माझे नाहीत."